गप्प म्हणजे होकार नाही

मागे हलगी ऐकू येत असेल, तर समजून घ्या. येडाईच्या चैत्री यात्रेसाठी येरमाळ्याला आलोय आणि आठवडाभर काम इथूनच चालू आहे.

मागच्या वर्षीची गोष्ट. रिलीजच्या आदल्या दिवशी कॉलवर मी विचारलं, "कुणाला काही शंका?" सगळे गप्प. मी पुढे गेलो. रात्री पेमेंटचं पान बंद पडलं. नंतर कळलं, टीममधल्या एका मुलीला ती चूक दोन दिवस आधीच दिसली होती. "मग बोलली का नाहीस?" तर म्हणाली, "दादा, तुम्ही दोन सेकंद तरी थांबलात का?"

तेव्हा मी 'डिस्क' मॉडेल वाचलं. त्याचा पाया विल्यम मार्स्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२८ साली घातला. 'वंडर वुमन' हे पात्रही त्याचंच! यात चार शैली आहेत: झटपट निर्णय घेणारे, बोलून माणसं जोडणारे, शांतपणे साथ देणारे आणि तपशील तपासणारे. मी पहिल्यातला, ती चौथ्यातली. ऑफिसात चेहरा बघून अडचण कळते, कॅमेरा बंद असला की नाही कळत.

आता आम्ही प्रश्न आदल्या दिवशीच चॅटवर टाकतो. उत्तर लिहून दिलं तरी चालतं. कॉलवर सगळ्यात शेवटी मी बोलतो.

फक्त कुणावर शिक्का मारू नका. कॉलवर बडबडणारा मी, घरी आईसमोर गप्पच असतो!

आज एक करा. टीममधल्या सगळ्यात शांत माणसाला विचारा, "तुला कसं सांगायला सोपं जातं?" आणि मग थांबा.