काच, दोर आणि कागद

(रेडिओवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी कविता लिहितो. लोक भेटले की मला वृत्तांबद्दल विचारतात, मुसलमान असून मराठीत कसे लिहिता असंही विचारतात. पण काचा पुसण्याबद्दल आजवर मला कुणी विचारलं नव्हतं. आज मात्र मी त्याच विषयावर बोलणार आहे. खिडक्यांच्या काचा पुसणाऱ्या माणसाला परीक्षा आणि प्रमाणपत्र यांचा काही उपयोग आहे का? हा विषय मी निवडलेला नाही. माझ्या भाच्याने तो माझ्यापुढे आणून टाकला.

भाचा सत्तावीस वर्षांचा. दहावीला गणितात अडकला तो अडकलाच. कोकणातलं गाव सोडून मुंबईत आला आणि गेली सहा वर्षं उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसतो. बसायला एक फळी, कमरेला पट्टा, बादली दोराला बांधलेली, आणि खाली वीस-पंचवीस मजले. गेल्या वर्षी रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी तो घरी आला. शीरखुर्मा संपवला आणि खिशातून घडी केलेला फॉर्म काढला.

"मामू, हा भरून द्या. इंग्रजीत आहे."

दोरावरच्या कामाचं ते प्रशिक्षण होतं. चार दिवस शिकवणार आणि पाचव्या दिवशी बाहेरून परीक्षक येणार. फी त्याच्या महिन्याच्या पगाराहून जास्त, शिवाय पाच दिवसांची मजुरी बुडणार ती वेगळीच. मी फॉर्म भरायला घेतला तेवढ्यात तो म्हणाला, "पण मामू, भरू का नको ते आधी सांगा. तुम्ही बीए आहात."

आमच्या खानदानात बीए झालेला मी पहिला. त्यामुळे माझा सल्ला म्हणजे सरकारी शिक्का असं सगळ्यांना वाटतं. खरं सांगायचं तर त्या पदवीने मला कारकुनाची खुर्ची दिली, कविता दिली नाही. एखादी ओळ फसली तर ती बीएची म्हणून कुणी माफ करत नाही, आणि साधली तर कुणी गुणपत्रिका मागत नाही. म्हणून माझ्या तोंडावर पहिलं उत्तर आलं ते असं : "अरे, सहा वर्षं काम करतोयस, तुला कोण काय शिकवणार?"

हे उत्तर चुकीचं होतं. ते का चुकीचं, हे कळायला मला थोडे दिवस लागले.

आधी कामाबद्दल सांगतो, कारण काचा पुसणं म्हणजे फडकं मारणं असंच आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं. काच तापलेली असताना पुसू नये. साबणाचं पाणी जागच्या जागी वाळतं आणि डाग बसतात. म्हणून ही माणसं सूर्याच्या मागे मागे फिरतात, ज्या बाजूला सावली त्या बाजूला काम. बोअरचं जड पाणी वापरलं की काचेवर चुन्याचे पांढरे ठिपके धरतात. मग ते घालवायला कुणी ॲसिड आणतं. त्यात हायड्रोफ्लोरिक ॲसिड असलं तर ते काचही खातं आणि माणसाचं बोटही. हल्लीच्या अनेक काचांवर ऊन अडवणारा पातळ लेप असतो. चुकीच्या बाजूने पातं चालवलं की ओरखडा उठतो, तो कायमचा. रबरी पात्याचं ते हत्यार आमचा भाचा 'वायपर' म्हणून ओळखतो. त्याचं आजचं हलकं पितळी रूप इटलीहून अमेरिकेत गेलेल्या एटोरे स्टेकोने नावाच्या काच पुसणाऱ्यानेच १९३०च्या दशकात ओकलंडमध्ये बनवलं. म्हणजे हत्यार सुधारलं तेही कारागिराने.

एवढं सगळं भाच्याला कुणी वर्गात शिकवलं नाही. त्याच्या टोळीत एक चाचा आहेत, पन्नाशी उलटलेले, सही करता येत नाही, अंगठा लावतात. त्यांच्या हाताखाली तो शिकला. मग प्रमाणपत्र कशाला?

गंमत म्हणजे एक प्रमाणपत्र त्याच्याकडे आधीच होतं. आपल्याकडे २०१३ साली राष्ट्रीय कौशल्य अर्हता चौकट अधिसूचित झाली. प्रत्येक कामाला कुठल्या पातळीचं कौशल्य लागतं याची ती उतरंड. तेव्हा दहा पातळ्या होत्या, २०२३च्या सुधारणेनंतर आठ आहेत. २०१५ साली प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली. अनुभवातून जे आधीच शिकून झालंय त्याची परीक्षा घेऊन त्याला मान्यता द्यावी, अशी तरतूद तिच्यात आहे. कल्पना मला मनापासून आवडते. ज्याने शाळेचं तोंड धड पाहिलं नाही, त्याच्या हातातल्या विद्येलाही कागदावर जागा मिळते.

पण भाच्याला ती मिळाली ती अशी. ठेकेदाराने वीस जणांना एका केंद्राच्या हॉलमध्ये बसवलं. केंद्राचं नाव घेत नाही. टॅबवर प्रश्न, प्रत्येकाला चार उत्तरं, एकावर बोट ठेवायचं. हात स्वच्छ कधी धुवावेत? ग्राहकाशी कसं बोलावं? दोराचा एकही प्रश्न नव्हता. चाचांना वाचता येत नव्हतं म्हणून शेजारच्याने त्यांच्या टॅबवर बोट ठेवलं. सगळे पास. फोटो निघाला, समोसा मिळाला. दुसऱ्या दिवशी मजुरी तेवढीच, दोर तोच. त्या प्रमाणपत्राला प्लॅस्टिकचं कव्हर घालून माझ्या बहिणीने ते कपाटात ठेवलं आहे. त्याचा एवढाच उपयोग झाला.

या ठिकाणी मला गोरोबाकाकांची आठवण होते. कथा तुम्हाला ठाऊक आहे. तेरढोकीला संत जमले होते. मुक्ताबाईने काकांना विचारलं, यातली मडकी कच्ची कुठली आणि भाजलेली कुठली? काकांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत गेले. नामदेव तक्रार करू लागले, तर काका म्हणाले, हे मडकं कच्चं. ही कथा आपण अध्यात्मासाठी सांगतो. मला तिच्यात दुसरं एक दिसतं. परीक्षक कुंभार होता. मडकं कसं वाजतं हे ज्याच्या हाताला ठाऊक, त्याने परीक्षा घेतली. शिवाय नामदेव नापास झाले तरी त्यांच्यासाठी दार बंद झालं नाही. ते विसोबा खेचरांकडे गेले आणि शिकले. परीक्षा असावी ती अशी.

मग नवा फॉर्म? मी भाच्याला म्हटलं, मला तुझं काम एकदा दाखव.

एका रविवारी मी त्याच्या इमारतीखाली उभा राहिलो. मान वर करून पाहताना माझीच मान दुखली. दुपारी डबा खाताना त्याने सहज सांगितलं की दोन महिन्यांपूर्वी त्यांच्यातला एक मुलगा मध्येच अडकला होता. गच्चीच्या कठड्याच्या धारेवर दोर घासत होता. वरच्याने ते पाहून ओरडून थांबायला सांगितलं. आता हा ना खाली येऊ शकत ना वर. पट्ट्यात निश्चल लटकत राहिला तर पायांतलं रक्त पायांतच साठू लागतं, आणि काही मिनिटांतच माणूस बेशुद्ध पडू शकतो, जिवावरही बेतू शकतं. हे त्यांच्यातल्या कुणालाही ठाऊक नव्हतं. वर पाच माणसं होती, एकूण अनुभव पन्नास वर्षांचा. पण लटकलेल्या माणसाला खाली कसं आणायचं, हे एकालाही माहीत नव्हतं. शेवटी एका मजल्यावरची खिडकी आतून काढली आणि त्याला ओढून घेतलं. वाचला.

"चाचांना पण नव्हतं माहीत?" मी विचारलं.

"चाचांवर ती वेळच कधी आली नव्हती, मामू."

श्रोतेहो, माझं उत्तर का चुकलं ते मला तिथे कळलं. अनुभव रोज घडणाऱ्या गोष्टी शिकवतो. जी गोष्ट आयुष्यात एकदाच घडते, तिचा अनुभव घ्यायला माणूस उरत नाही. ती आधी, जमिनीपासून दोन हातांवर, पुन्हा पुन्हा करूनच शिकावी लागते. त्या पाच दिवसांच्या प्रशिक्षणात नेमकं हेच होतं : दोन दोर, दोघांचे आधार वेगळे, एक तुटला तर दुसरा धरणार, आणि अडकलेल्या सोबत्याला सोडवून खाली आणणं. ही पद्धत गुहांमध्ये उतरणाऱ्यांकडून आणि गिर्यारोहकांकडून आली, मग उत्तर समुद्रातल्या तेलविहिरींवर रुजली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये दोरावरच्या कामासाठी 'इराटा' ही संघटना निघाली. तिच्या प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षं. नंतर पुन्हा परीक्षा. वरच्या पातळीवर जायचं तर निदान एक वर्ष आणि दोरावरचे एक हजार तास नोंदवहीत दाखवावे लागतात. म्हणजे इथे कागद अनुभवाला नाकारत नाही, तो मोजतो.

बाहेरच्या देशांत या बाबतीत एकवाक्यता आहे असं समजू नका. जर्मनीत इमारतींची सफाई हा तीन वर्षं उमेदवारी करून शिकायचा रीतसर व्यवसाय आहे. पण स्वतःचा धंदा काढायला त्याच्या पुढची 'उस्तादा'ची परीक्षा सक्तीची होती, ती अट २००४ साली काढून टाकली. स्कॉटलंडमध्ये १९८२च्या कायद्याने कौन्सिलला काच पुसणाऱ्यांसाठी परवाना लागू करता येतो. तो कौशल्याचा नाही, चारित्र्याचा. लोकांच्या खिडकीत डोकावणारा माणूस सरळ आहे ना, एवढंच तिथे पाहतात. म्हणजे कागद कसला, हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या भीतीप्रमाणे सोडवला आहे.

आपली भीती कोणती? माझी विचाराल तर, माणूस पडण्याची. म्हणून मी सरसकट प्रमाणपत्राच्या बाजूचा नाही. तळमजल्यावरच्या दुकानाची काच पुसणाऱ्या पोराकडे कुणी प्रमाणपत्र मागू लागलं, तर ती त्याच्या पोटावर मारलेली लाथ ठरेल. त्याला चांगला उस्ताद आणि चार दिवसांचा सराव पुरे. पण दोरावर चढणाऱ्याला प्रशिक्षण हवंच, आणि त्याचा खर्च त्याच्या खिशातून जाता कामा नये. ज्याची काच आहे त्याने तो द्यावा.

अखेर फॉर्म भरला. फी मी आणि माझ्या बहिणीने मिळून दिली. भाचा पास झाला. मला वाटलं, आता गोष्ट संपली. गोष्ट पुढेच होती.

परत आल्यावर पहिल्याच सोमवारी त्याने गच्चीवर पाहिलं तर दोर एकच. तो म्हणाला, दुसरा दोर आल्याशिवाय मी उतरणार नाही. ठेकेदार म्हणाला, नको उतरूस. आणि त्याने फळीवर दुसऱ्या मुलाला बसवलं. नवा, गावाहून आलेला, महिनाभराचा. भाच्याची त्या दिवसाची मजुरी गेली. संध्याकाळी फोनवर त्याचा आवाज पडलेला होता. "मामू, मला नाही म्हणायला शिकवलं. त्याला कोण शिकवणार?"

याचं उत्तर माझ्या बीएत नव्हतं. पण महाराष्ट्राच्या इतिहासात एक जवळचं उत्तर आहे. १९६९ साली आपल्याकडे माथाडी कामगारांचा कायदा झाला. डोक्यावर, पाठीवर ओझी वाहणाऱ्या हमालांची ना परीक्षा घेतली ना त्यांना पदवी दिली. त्यांची मंडळाकडे नोंद केली आणि मालकाचीही केली. मजुरी मंडळामार्फत, भविष्यनिर्वाह निधी मंडळामार्फत. त्या नोंदणीत किंमत आली ती तिच्यामागे कायदा आणि संघटना उभी राहिली म्हणून. वायरमनच्या परवान्याचंही तेच. तो नसेल तर काम रीतसर ठरत नाही, म्हणून त्याला मोल. ज्या कागदावाचून कुणाचंच काही अडत नाही, तो कागद कपाटातच राहतो.

तेव्हा भाच्याच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. अर्हता उपयोगाची आहे, पण तीन अटींवर. परीक्षा घेणाऱ्याला काम येत असावं. जे अनुभव शिकवू शकत नाही ते तिने शिकवावं. आणि ती नसलेल्या माणसाला दोरावर बसवण्याची मुभा ठेकेदाराला नसावी. तिसरी अट नसेल, तर शिकलेला माणूस घरी बसतो आणि न शिकलेला खाली उतरतो. आणि हो, चाचांसारख्यांची परीक्षा तोंडी घ्या, हातांची घ्या. अंगठा लावणाऱ्याला या दाराबाहेर ठेवलं, तर उस्तादच बाहेर राहील.

भाचा अजून तिथेच कामाला आहे. पाच दिवसांत जे शिकला ते जेवणाच्या सुट्टीत बाकीच्यांना दाखवतो. चाचा सगळ्यात पुढे बसतात. त्या नव्या मुलाला अडकलेल्या माणसाची सुटका करता येऊ लागली आहे. त्याच्याकडे कागद नाही. दुसरा दोर काही इमारतींवर येतो, काहींवर येत नाही.

तुमच्या सोसायटीच्या, ऑफिसच्या काचा पुसायला कुणी दोरावर उतरेल, तेव्हा गच्चीवर जाऊन एकदा पाहा. दोर दोन आहेत का? दोघांना वेगवेगळा आधार आहे का? कठड्याच्या धारेवर दोराखाली काही जाड घातलंय का? अडकलेल्याला खाली कसं आणणार, हे वर उभ्या असलेल्याला येतं का? एवढे चार प्रश्न सेक्रेटरींना विचारा. विचारायला कुठलंच प्रमाणपत्र लागत नाही.