गिरणगावातली शिवाशिव आणि तिचे साक्षीदार

मुंबईत अस्पृश्यतेला वेस नव्हती. गावात महारवाडा कुठे सुरू होतो हे लहान पोरालाही ठाऊक असे. पाणवठा वेगळा, वाट वेगळी, मसणवटाही वेगळा. शहरात ट्रामच्या बाकावर कोण कोणाच्या शेजारी बसले हे कोणी विचारत नसे, आणि भोंगा वाजला की परळ, लालबाग, डिलाईल रोडवरून सगळ्या जातींची माणसे एकाच लोंढ्याने गिरणीच्या दारात शिरत. एवढ्यावरून मुंबईने जात मोडली असा समज रूढ झाला आणि पुस्तकांतही उतरला. कोकणातून आणि घाटावरून पोटासाठी आलेल्या दलित कुटुंबांच्या आठवणी मात्र वेगळे सांगतात. इथे शिवाशिव कामाच्या वाटणीत, पाण्याच्या माठात, भाड्याच्या खोलीत आणि इमारतीच्या जिन्यात जाऊन बसली होती.

याउलट अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत काळ्या माणसांचे वेगळेपण कायद्याने ठरवलेले होते. शाळा, आगगाडीचे डबे, पाण्याचे नळ यांवर तशा पाट्या असत आणि 1964 च्या नागरी हक्क कायद्यापर्यंत त्या राहिल्या. अभ्यासकाला तिथे जुनी कायद्याची पुस्तके उघडली तरी पुरावा हाती लागतो. दोन्ही प्रश्नांचे नाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ध्यानात फार आधी आले होते; ते 1913 ते 1916 न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले, आणि 1946 साली त्यांनी काळ्या लोकांचे नेते डू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहारही केला. मुंबईत मात्र पाटी नव्हती आणि कलमही नव्हते. जे होते ते रिवाजात होते, आणि रिवाजाची नोंद कोणतेही कार्यालय ठेवत नाही. म्हणून इथला पुरावा मुख्यतः माणसांच्या आठवणींत आहे. या परिषदेच्या प्रतिनिधींचे स्वागत करताना स्वागत समितीने हाच विषय मांडायला घेतला, त्याचे कारण एवढेच.

गिरणीपासून सुरुवात करणे रास्त. कापड गिरणीत सर्वांत जास्त पगार साचेखात्यात, म्हणजे विणकामात. तिथे प्रामुख्याने मराठा-कुणबी आणि मुसलमान विणकर. दलित कामगारांना प्रवेश रिंगखात्यात, सूतकताईच्या बाजूला, जिथे मजुरी कमी. यामागचे कारण धोट्यात होते. साच्यावर चालणाऱ्या धोट्यात सुताची कांडी बसवलेली असते. कांडी संपली की विणकर नवी बसवतो, सुताचे टोक धोट्याच्या भोकाशी आणतो आणि भोकाला ओठ लावून आतला दोरा श्वासाने खेचून घेतो. दिवसभरात असे अनेकदा करावे लागते, आणि एका धोट्याला पाळी बदलली की दुसऱ्याचे तोंड लागते. त्या उष्ट्याचा विटाळ हे साचेखात्याच्या बंदीचे कारण. लँकेशायरच्या गिरण्यांतही दोरा असाच ओढत, आणि तिथे या पद्धतीवर टीका झाली ती रोगराई पसरते म्हणून. इथे कोणाला क्षयाची भीती वाटली नाही; भीती वाटली ती महाराच्या ओठांची.

हा नियम कोणत्याही गिरणीच्या नियमावलीत नव्हता. भरती जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाती. तो आपल्या गावची, आपल्या भावकीची माणसे आणणार, आणि साच्यावर दलित उभा केला तर खाते काम बंद पाडील हे त्याला न सांगता कळत असे. 1928 च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड केला. संपाच्या मागण्यांत विणकाम खाते दलितांना खुले करण्याची मागणी घाला, नाहीतर दलित कामगारांना संपात राहायला सांगता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. कामगार पुढाऱ्यांनी नाखुशीने का होईना ती मागणी घेतली. मालकांनी हात झटकले: अडवणूक आमची नाही, कामगारांची आपसातली आहे. वस्तुस्थितीच्या दृष्टीने ते खोटे नव्हते, पण ज्या व्यवस्थेतून स्वस्त मजूर मिळतो ती बदलण्यात मालकांना रस नव्हता हेही तितकेच खरे. कामगार एकजुटीच्या इतिहासात हे पान बऱ्याचदा भराभर उलटले जाते. ज्यांनी रिंगखात्यात आयुष्य काढले, त्यांच्या घरात ते उलटले गेले नाही. आजोबांना साच्यावर का घेतले नाही, हे तिथे नातवंडांनाही सांगता येते.

पाण्याचेही तसेच. अनेक गिरण्यांत दलितांना माठाला हात लावण्याची मुभा नसे. दुसऱ्याने वरून ओतायचे आणि यांनी ओंजळीने प्यायचे, नाहीतर वेगळ्या भांड्याशी जायचे. हे केवळ अशिक्षितांत चाले असे म्हणण्याची सोय नाही. बाबासाहेब 1918 पासून सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते, तेव्हा प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातून त्यांनी पाणी पिण्याला सहकाऱ्यांपैकी काहींनी हरकत घेतली होती. त्याआधी, एल्फिन्स्टन हायस्कुलात गुरुजींनी त्यांना फळ्यापाशी बोलावले तेव्हा वर्गातल्या मुलांनी फळ्यामागचे आपले जेवणाचे डबे घाईघाईने काढून घेतले, ही हकिकत धनंजय कीरांच्या चरित्रामुळे सर्वांना माहीत आहे. बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या टिपणांतले प्रसंग मात्र सातारा जिल्ह्यातल्या गोरेगावचे, बडोद्याचे, चाळीसगावचे, दौलताबादचे. मुंबईतला अपमान बैलगाडीवाल्याने गाडी हाकायला नकार देण्याइतका ठळक नव्हता. तो रोजचा होता, आणि रोजच्या गोष्टी टिपणवहीत कमी उतरतात.

राहण्याची जागा हा दुसरा मोठा प्रश्न. गिरणगावातल्या गावकीच्या खोल्या आणि खानावळी गाव व जात पाहून चालत. खासगी चाळीत नाव सांगण्याआधी आडनाव विचारले जाई. त्यामुळे दलित कुटुंबांना आधार झाला तो सरकारी आणि नगरपालिकेच्या चाळींचा. बाबासाहेब 1912 पासून 1934 पर्यंत परळच्या पोयबावडीला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहिले. नंतर ते दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृहात गेले. विसाच्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे 207 चाळी बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, चाळीत 80 खोल्या, खोली 160 चौरस फुटांची. या बीडीडी चाळींत सगळ्या जातींची वस्ती झाली, पण दलितांच्या चाळी एकत्र, इतरांच्या एकत्र. चाळीचा नंबर सांगितला की ऐकणारा जात ओळखी. वेस गेली आणि तिच्या जागी नंबर आला.

गिरगावात आणि दादरच्या जुन्या भागांत या व्यवस्थेची एक खूण आजही शाबूत आहे. काही इमारतींच्या मागच्या अंगाला लोखंडी गोल जिना वर चढत जातो आणि प्रत्येक मजल्यावर संडासांपाशी थांबतो. पाटीचे संडास होते तेव्हा मैला काढणाऱ्या कामगाराने त्याच जिन्याने चढावे आणि त्यानेच उतरावे. पुढच्या जिन्यावर, घरांसमोरच्या गॅलरीत त्याचा पाय पडू नये. वारसा म्हणून या इमारतींची छायाचित्रे काढणारे बरेच आहेत. त्या जिन्यावरून डोक्यावर पाटी घेऊन पावसाळ्यात उतरणाऱ्या माणसांची निवेदने फारच थोडी.

ज्या वस्तीत हा भेद होता तिथेच त्याविरुद्धची चळवळ उभी राहिली. 31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेबांचा ‘मूकनायक’ निघाला, त्याची कचेरी परळलाच होती. 9 मार्च 1924 रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये सभा भरली आणि त्यातून त्याच वर्षी जुलैत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. त्याआधी 1923 साली सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव मंजूर करून घेतला होता. 1927 चा महाडचा सत्याग्रह याच ठरावाच्या आधारे झाला, आणि त्यासाठी खपलेली बरीचशी माणसे मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत कामाला होती. महाडच्या परिषदेचे एक प्रमुख संघटक आर. बी. मोरे पुढे कम्युनिस्ट चळवळीत गेले. त्यांच्या आठवणी पुस्तकरूपाने आल्या आहेत, आणि दोन्ही चळवळींतल्या ओढाताणीसाठी त्या वाचायलाच हव्यात.

दादरचा 1926 चा सार्वजनिक गणेशोत्सवही याच हिशेबात धरावा लागतो. वर्गणी सगळ्यांची, तर पूजेचा हक्कही सगळ्यांना हवा, असा आग्रह प्रबोधनकार ठाकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धरला. बाबासाहेबही त्या प्रसंगी आले होते. अखेर तोडगा निघाला: अस्पृश्य कार्यकर्त्याने फुले पुजाऱ्याच्या हाती द्यायची आणि पुजाऱ्याने ती मूर्तीला वाहायची. प्रबोधनकारांनी आत्मचरित्रात ही हकिकत सांगितली आहे. विजय कोणाचा झाला हे त्या तोडग्यावरून ठरवणे कठीण आहे, पण फुले हातातून हातात गेली, एवढे झाले. पुढे अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीच्या सत्यनारायणाची सहभोजने घडवली, तीही याच वाटेवरची पुढची पायरी.

7 नोव्हेंबर 1938 चा संप या सगळ्यात वेगळा उठून दिसतो. औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले. कामगार मैदानावर बाबासाहेब आणि कम्युनिस्ट पुढारी डांगे एकाच व्यासपीठावर होते. साचेखात्यात ज्यांना घेतले जात नव्हते आणि जे घेऊ देत नव्हते, ते त्या दिवशी एकाच सभेत बसले. हे ऐक्य टिकले नाही.

बायकांच्या आठवणी उशिरा नोंदवल्या गेल्या. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखती घेऊन 1989 साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केले. तोवर चळवळीचा इतिहास पुरुषांच्या भाषणांचा इतिहास होता. सभेला जायचे म्हणून भाकऱ्या आदल्या रात्री थापून ठेवणे, लहान मूल कडेवर घेऊन परिषदेला जाणे, या गोष्टी त्यात नव्हत्याच. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी 2004 मध्ये गिरणगावकरांचा मौखिक इतिहास प्रसिद्ध केला, त्यालाही या संदर्भात मोठे मोल आहे.

6 डिसेंबर 1956 रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे निर्वाण झाले. दुसऱ्या दिवशी राजगृहातून निघालेली अंत्ययात्रा दादरच्या चौपाटीला पोचली आणि चितेपाशीच हजारोंनी भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, 2 मार्च 1958 रोजी, दादरला पहिले दलित साहित्य संमेलन भरले. उद्घाटक होते अण्णाभाऊ साठे. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह 1963 चा, दया पवारांचे ‘बलुतं’ हे आत्मकथन 1978 चे. ‘बलुतं’मधला नागपाड्याजवळचा कावाखाना वाचल्यावर मुंबईत जात नव्हती असे म्हणणे अवघड होते. या पुस्तकांकडे साहित्य म्हणून पाहिले गेले, ते योग्यच. साक्षीपुरावा म्हणून मात्र ती अजून पुरेशी वाचलेली नाहीत.

1972 साली दलित पँथर ही संघटना निघाली. नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेले, प्रश्न इथले. जानेवारी 1974 मध्ये मध्य मुंबईच्या लोकसभा पोटनिवडणुकीवर पँथरने बहिष्कार पुकारला. 5 जानेवारीला वरळीच्या बीडीडी चाळींत त्यांची सभा उधळली गेली, पोलिसांच्या लाठ्या पडल्या आणि दंगल पेटली. चाळींच्या नंबरांत दडलेली वेस दगडफेकीत उघडी पडली. 10 जानेवारीच्या मोर्चावर परळ भागात वरून दगड टाकण्यात आला आणि भागवत जाधव हा तरुण कार्यकर्ता मारला गेला. न्यायमूर्ती भस्मे आयोगाने दंगलीची चौकशी केली. ज. वि. पवारांनी आंबेडकरोत्तर चळवळीच्या खंडांत हा काळ तपशिलाने मांडला आहे. चाळीतल्या सामान्य कुटुंबांनी त्या रात्री कशा काढल्या, याची नोंद अद्याप विखुरलेली आहे.

18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या. साचे भंगारात गेले, माठ ठेवायच्या जागांवर मॉल उभे राहिले, बीडीडी चाळी पाडून उत्तुंग इमारती होत आहेत. मोठ्या घराचा हक्क चाळकऱ्यांना आहेच; 160 चौरस फुटांच्या खोलीचे उमाळे बाहेरच्यांनी काढू नयेत. पण चाळ गेली की नंबर जातो, आणि नंबर गेला की कोण कोणाच्या शेजारी राहत होते हे सांगणारा दाखलाही जातो.

म्हणून साक्षीदारांचे निवेदन घेताना ‘भेदभाव होता’ एवढे लिहून थांबू नये. खाते कोणते, जॉबर कोणत्या गावचा, पाणी कोण ओतत असे, खोली कोणत्या चाळीत, कोणत्या जिन्याने जायचे, सभेला कोण घेऊन गेले, हे विचारावे. ज्यांना आपले नाव छापून येऊ द्यायचे नाही त्यांची इच्छा पाळावी. 1956 ची अंत्ययात्रा समजत्या वयात पाहिलेली माणसे आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. प्रतिनिधींनी परिषदेहून परत गेल्यावर आपल्या चाळीतल्या, वाडीतल्या निदान एका वडीलधाऱ्या माणसाची आठवण सविस्तर नोंदवून घ्यावी आणि तिची एक प्रत जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात ठेवावी, अशी स्वागत समितीची विनंती आहे.