उतारावरचे आपोआप
(हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



नव्या ट्रकसाठी आपण सढळ हाताने दिले, त्याचा हिशेब खजिनदार आपल्यासमोर ठेवतीलच. मी उभी आहे ती मागच्या बैठकीतल्या दोन सूचनांबद्दल बोलायला. पहिली सूचना अशी की ट्रक ऑटोमॅटिक घ्यावा, म्हणजे ड्रायव्हरच्या पायाचे श्रम वाचतील. दुसरी अशी की गाडी ऑटोमॅटिकच आहे, तर एक्झॉस्ट ब्रेकचा आणि ड्रायव्हरच्या प्रशिक्षणाचा खर्च वगळावा. पहिली मला मान्य आहे. दुसरी मान्य करू नका, अशी माझी विनंती आहे. मी स्वतः ट्रक चालवत नाही. पण वीस वर्षे ड्रायव्हरदादांच्या शेजारी बसून सातपुडा चढते-उतरते आहे, आणि गॅरेजमध्ये तासन्‌तास थांबावे लागते तेव्हा मिस्त्रींना प्रश्न विचारायची मला सवय आहे.

आपल्यापैकी जे मोलगी, धडगावकडे आले आहेत त्यांना देवगोई आणि चांदसैलीचे घाट ठाऊक आहेत. आपला ट्रक वर जाताना वसतिगृहाचे धान्य नेतो. खाली येतानाही तो रिकामा नसतो. आंब्याच्या मोसमानंतर बायकांच्या गटांचा आमचूर पोत्यांनी बाजाराला उतरतो, भगर उतरते. म्हणजे वर्षाची कमाई भरलेली गाडी उतारावर असते, आणि केबिनमध्ये कोणाची तरी मुले असतात.

आता थोडा हिशेब. गाडीचे वजन मालासकट 7 टन आणि उतार 400 मीटर उंचीचा धरा. वरून खाली येईपर्यंत तेवढ्या वजनाची जी ताकद सुटते, तिच्यात 85 लिटर पाण्याला उकळी फुटेल. थोडा भाग टायर आणि वारा खातात. उरलेली सगळी उष्णता कुठेतरी जिरायला हवी. ड्रायव्हरने पायाच्या ब्रेकवरच भार टाकला तर ती चार चाकांच्या ड्रममध्ये जाते. लायनर तापतात, त्यांची पकड सुटते, जळका वास येतो. हायड्रॉलिक ब्रेक असेल तर ऑइल उकळून पेडल पोकळ होते. एअर ब्रेकवर सारखे पंपिंग केले तर टाकीतली हवा उतरते. ब्रेक अशा वेळी दगा देतो जेव्हा त्याची सर्वांत जास्त गरज असते.

एक्झॉस्ट ब्रेक हे काम इंजिनाकडे देतो. पेट्रोलच्या गाडीत पाय उचलला की इंजिन आपणहून थोडे अडवते. डिझेल इंजिनात हवेची वाट सहसा उघडीच असते, म्हणून ते फार कमी अडवते. एक्झॉस्ट ब्रेक म्हणजे धुराच्या पाइपातली एक झडप. ती मिटली की धूर अडतो, पाइपात दाब वाढतो, आणि वर येणाऱ्या प्रत्येक पिस्टनला त्या दाबाविरुद्ध रेटावे लागते. त्या रेट्याने चाके मंदावतात आणि ड्रम थंड राहतात. मात्र इंजिन जितके जोरात फिरेल तितकाच हा ब्रेक धरतो, म्हणून गिअर खालचा हवा. न्यूट्रलमध्ये तर तो गाडीला अजिबात धरत नाही.

ऑटोमॅटिकचा प्रश्न इथे येतो. पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये इंजिन आणि चाके यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. समोरासमोर दोन पंखे ठेवावेत, एक फिरला की त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरावा, तसा. फरक एवढाच की वाऱ्याच्या जागी तेल असते. या दोघांना घट्ट जोडणारा लॉकअप क्लच आत असतो, पण वेग उतरला किंवा पाय उचलला की तो बहुधा सुटतो. तो सुटला की चाकांचा रेटा तेलातून इंजिनापर्यंत नीट पोहोचत नाही, इंजिन मंद फिरते, आणि झडप मिटूनही अडवायला फारसे काही उरत नाही. शिवाय पाय उचललेला पाहून गिअरबॉक्सला वाटते की गाडी सपाटीवर आरामात चालली आहे, आणि तो वरचा गिअर टाकतो. उतारावर नेमके नको ते.

म्हणून एक्झॉस्ट ब्रेक आणि गिअरबॉक्स यांची जोडणी कारखान्यातच झालेली असावी. तशा गाडीत ब्रेकची कांडी ओढताच गिअरबॉक्सला खूण मिळते: लॉकअप सोडू नको, गिअर खाली आण. बाहेरून नुसती झडप बसवून घेतली तर ही खूण देणारे कोणी नसते. एका विक्रेत्याने मला सांगितले, “मॅडम, झडप आम्ही दोन दिवसांत बसवून देतो.” लॉकअपचे काय, असे विचारल्यावर त्याने चहा मागवला.

आपल्याकडच्या बहुतेक ट्रकना ऑटोमॅटिक म्हणून मिळते ती ए.एम.टी. तिच्यात साधाच क्लच असतो, फक्त तो यंत्र दाबते. तिथे तेलाची भानगड नाही. पण गिअर बदलताना क्लच क्षणभर सुटतो आणि तेवढा वेळ एक्झॉस्ट ब्रेकही सुटतो. भर उतारात, वळणावर हे होता कामा नये. म्हणून घाटमाथ्यावरच कांडी मॅन्युअलवर घेऊन खालचा गिअर धरायचा, हे ड्रायव्हरला शिकवावे लागते. जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरने चढलास त्याच गिअरने उतर. नव्या ताकदवान इंजिनांना कधी त्याहून एक खालचा लागतो, कारण ती वरच्या गिअरातही चढून जातात. तरीही वेग वाढलाच तर पायाचा ब्रेक एकदा घट्ट दाबायचा, वेग उतरवायचा आणि पाय पूर्ण सोडायचा. पाय ठेवून घासत राहायचे नाही.

पावसातली गोष्ट वेगळी. एक्झॉस्ट ब्रेक फक्त इंजिनाने फिरणाऱ्या मागच्या चाकांना धरतो. रिकामी गाडी आणि ओला, चिखलाचा रस्ता असला तर ती चाके घसरू शकतात. अशा वेळी तो बंद ठेवून आधीपासूनच सावकाश उतरायचे. हा निर्णय यंत्र घेत नाही.

डिझेल वाचवायला न्यूट्रल मारण्याची सवय आपल्या भागातच आहे असे समजू नका. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार आपण वर्तमानपत्रात वाचलेला आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये तिथे एका ट्रकने अनेक वाहनांना झपाटले. आणि बचत म्हणाल तर नव्या डिझेल इंजिनात, गिअरमध्ये पाय उचलून उतरताना डिझेलचा पुरवठा बंदच होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळत राहते. आमच्या तरुण पावरा ड्रायव्हरला हे पटवायला मला सहा महिने लागले. आता तो दुसऱ्यांना पटवतो.

आपण पाहिलेल्या दोन गाड्यांपैकी एकीला एक्झॉस्ट ब्रेक कंपनीकडूनच जोडलेला आहे. ती महाग आहे. दुसरी स्वस्त, पण तिला तो बाहेरून बसवावा लागेल. माझे मत पहिलीला आहे, आणि निधी कमी पडत असेल तर मागचा हौदा जुनाच चालेल, रंगही नको. दोन्ही ड्रायव्हरांना तीन दिवस, वाळूची पोती भरून, अनुभवी शिक्षकाबरोबर घाटात फिरवायचे, हे मात्र वगळू नका. पैसे भरण्याआधी गाडी भरलेल्या स्थितीत देवगोईतून उतरवून पाहण्याची अट विक्रेत्याला घातली आहे. त्या दिवशी पंचांपैकी दोघांनी माझ्याबरोबर यावे. खाली पोहोचल्यावर ड्रमजवळ हात नेऊन पाहू, न शिवता.