मातीचा बैल कुणाच्या हातचा?



पोळ्याच्या बाजारात मातीची बैलजोडी घेताना आपण भाव करतो, दोन्ही बैल सारखे आहेत ना ते बघतो, शिंगाला टवका उडालेला नाही ना याची खात्री करून घेतो. जोडी केली कुणी, हे मात्र विचारत नाही. आज मला या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल बोलायचं आहे.

आपल्या मुलखात मातीची मूर्ती फार जुनी आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केलं. त्यात सुमारे सव्वातीन हजार वर्षांपूर्वीची कच्च्या मातीची देवी सापडली आणि तिच्यासोबत मातीचाच बैल. म्हणजे माती आणि बैल ही जोडी पोळ्याच्या बाजाराहून कितीतरी आधीची आहे.

आणखी जवळ या. लातूरच्या पलीकडे तेरणेकाठी तेर आहे. जुनं नाव तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं नगर म्हणून त्याचा उल्लेख येतो. इथला माल गाड्यांतून भडोच बंदराला जायचा. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहनकाळच्या मातीच्या बाहुल्या आहेत, त्या जरूर बघा. पांढऱ्या केओलिन मातीच्या, डोक्यावर केसांची भरगच्च सजावट, अंगावर दागिने. त्या दुहेरी साच्यातल्या आहेत. एका साच्यात पुढची बाजू दाबायची, दुसऱ्यात मागची, मग दोन्ही जोडायच्या. आत पोकळ राहते, म्हणून भाजताना फुटत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या मराठवाड्यात हे तंत्र इतकं सफाईदार होतं.

त्याच तेरचे गोरोबाकाका. थापटणं घेऊन संतांची डोकी तपासणारे, कुणाचं मडकं पक्कं आणि कुणाचं कच्चं ते सांगणारे. महाराष्ट्राला नावानिशी ठाऊक असलेला कुंभार बहुधा हा एकच. आणि तेही नाव राहिलं ते भक्तीमुळे, मडक्यांमुळे नाही.

का? आपल्या गावगाड्यात कुंभार बलुतेदार. सुगीला त्याच्या वाट्याचं धान्य ठरलेलं आणि वर्षभराचं कामही ठरलेलं. संक्रांतीची सुगडं, अक्षय तृतीयेची केळी, नागपंचमीचे नाग, पोळ्याचे बैल, नवरात्राचे घट, दिवाळीच्या पणत्या. लग्नात चुना आणि रंग दिलेली मडकी, आणि शेवटच्या वाटेवरचंही मडकं त्याचंच. घराणी टिकली त्यामागे हे पंचांग होतं. गिऱ्हाईक शोधायला लागत नव्हतं, तिथीच गिऱ्हाईक घेऊन यायची. मात्र ज्याचा वाटा आधीच ठरला, त्याच्या कामाची वेगळी किंमत करायचं कुणाला कारण उरलं नाही. त्यातून ही वस्तू विसर्जनाची. सण सरला की नाग गेला, बैल गेला. मागे नमुना राहत नाही, मग नाव कशावर राहणार?

दुसरं कारण घराच्या आतलं आहे. चाकाला बाईने हात लावायचा नाही, ही अनेक कुंभारघरांतली रीत. पण माती चाळणं, भिजवणं, तुडवणं, तीत राख नि लीद मिसळणं, वाळत घालणं आणि शेवटी रंग देणं, या कामांत बायकांचा हात मोठा. आपली काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यात काय किती घालायचं हे अंदाजाने कळणं, हीच मोठी विद्या. बैलाच्या पाठीवर झूल काढणारी, काजळाने डोळा लिहिणारी बाई तर कुंभाराच्या नावाआडही दिसत नाही.

आता थोडं दूर जाऊ. मेक्सिकोत मेतेपेक नावाचं कुंभारांचं गाव आहे. तिथे मातीचा ‘जीवनवृक्ष’ करतात. फांद्या, पानं, पक्षी, मध्ये आदम आणि ईव्ह, खोडाला वेटोळं घातलेला साप, आणि सगळ्यावर भडक रंग. माती वाळताना तडकू नये म्हणून ते तिच्यात पाणकणसाचा कापूस मिसळतात, जसं आपण लीद मिसळतो. इसुकार दे मातामोरोस गावात असाच मेणबत्त्यांचा वृक्ष नव्या जोडप्याला लग्नात द्यायची चाल होती. म्हणजे तिथेही सुरुवात विधीतून आणि लग्नघरातूनच झाली.

पुढे फरक पडला. ओकोत्लान गावच्या इसाउरा अल्कान्तारा दियास या बाईने आपल्या मुलींना मातीकाम शिकवलं. गिल्येर्मिना, होसेफिना, इरेने आणि कोन्सेप्सिओन या चार आगिलार बहिणी जगभर आपापल्या नावाने ओळखल्या गेल्या. बाजारातली बाई, लग्नाची वरात, गावची जत्रा हे त्यांचे विषय. एकीची बाहुली दुसरीच्या बाहुलीपासून ओळखू येते. इसुकारच्या आल्फोन्सो कास्तियो ओर्ता यांना १९९६ साली मेक्सिकोचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हस्तकलांना आधार देण्यासाठी तिथल्या सरकारने १९७४ मध्ये स्वतंत्र निधी उभा केला. प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमच्या भांड्यांनी त्यांच्याही मडक्यांचा धंदा बसवला. पण रंगवलेल्या मातीला नाव मिळालं होतं, म्हणून तिला भाव राहिला.

इथे एक सावधगिरी हवी. ‘पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कला’ असं आपण कौतुकाने म्हणतो, तेव्हा आपल्याकडे ती पिढी जातीने बांधलेली होती हे विसरायचं नाही. कुंभाराचा मुलगा शिकून शिक्षक झाला, बँकेत लागला, तर हळहळायचं कारण नाही. त्याच्यावर चाकाची सक्ती नको. चाक धरायचं त्याने ठरवलंच तर त्याची आबाळ होऊ नये, एवढंच माझं मागणं आहे.

आजची परिस्थिती काय आहे? शेतात ट्रॅक्टर आला. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान देशातल्या गोवंशातल्या नरांची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी घटली. ज्याच्या दावणीला बैल नाही तो मातीचा बैल पूजतो. म्हणजे खरा बैल कमी होतोय तसं मातीच्या बैलाला काम वाढायला हवं. पण बाजारात बसलाय प्लास्टरचा, एकाच साच्यातला बैल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये मूर्तिविसर्जनाचे नियम सुधारताना प्लास्टर ऑफ पॅरिसला मनाई केली. मातीला ती संधी होती, पण निव्वळ मनाईने कारागीर उभा राहत नाही.

म्हणून एक सुचवतो. आपल्या मुखेड तालुक्याच्या एका अंगाला कंधार, दुसऱ्या अंगाला उदगीर-देवणी. देशात नाव असलेल्या दोन जाती या पट्ट्यातल्या: लाल कंधारी आणि देवणी. कंधारी गडद तांबडा, जणू गेरूतच बुडवून काढलेला. देवणीत तीन प्रकार. वानेरा पांढरा, तोंडाच्या बाजू काळ्या. शेवेरा पांढरा, त्यावर वेडेवाकडे काळे ठिपके. बालंक्या पांढराशुभ्र, ठिपके फक्त अंगाच्या खालच्या बाजूला. इथल्या शेतकऱ्याला हे फरक लांबून कळतात. आणि बाजारातला मातीचा बैल मात्र कुठलाच नसतो! गेरू, चुना आणि काजळ, एवढ्या तीन रंगांत हे चारही बैल उभे राहतील. मेतेपेकने वृक्ष धरला, आपण आपला बैल धरावा.

त्यासाठी निधीची वाट बघायला नको. येत्या पोळ्याआधी आपल्या गावच्या कुंभारवाड्यात जा. कंधारी हवा की वानेरा, ते सांगून जोडी करायला टाका आणि कामाची किंमत आधी ठरवा. शाळांनी श्रावणात एक दिवस कारागिराला मानधन देऊन बोलवावं, त्याच्यासोबत रंगवणाऱ्या बाईलाही. जोडीच्या पोटाखाली करणाऱ्याचं आणि रंगवणारीचं नाव, गाव आणि साल कोरून घ्या. दरवर्षी एक जोडी विसर्जन न करता वाचनालयाच्या कपाटात ठेवा. दहा वर्षांनी त्या दहा जोड्या शेजारी मांडल्या की कुणाचा हात कसा बदलत गेला ते दिसेल, आणि आपल्या तालुक्यात रंगवलेल्या मातीचं घराणं आहे असं पुराव्यानिशी म्हणता येईल.