लहान डब्यातला गेमचा कॉम्प्युटर

मागच्या बैठकीत आमच्या गटापुढे एक वेगळाच कर्जअर्ज आला. शेळ्या, शिलाई मशीन, बियाणं, दवाखाना यांसाठी आम्ही नेहमीच पैसे देतो. या वेळी एका ताईंनी लेकीला गेमचा कॉम्प्युटर घ्यायला कर्ज मागितलं. लेक जिल्ह्याच्या गावी खोली घेऊन ॲनिमेशन शिकते. त्यावर शिकायचंही आणि खेळायचंही, आणि सुट्टीत एसटीतून घरी आणता येईल एवढं यंत्र लहान हवं. काही जणी हसल्या. "पारावर पत्ते कुटणाऱ्यांना कधी हिशेब विचारलात का?" असं आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या आणि हसू थांबलं. पण दुकानातलं कोटेशन ५८ हजारांचं, स्क्रीन धरून. एवढ्यात चार-पाच शेळ्या येतात. म्हणून त्या लेकीलाच बैठकीत बोलावून एकेक वस्तू समजून घेतली. तीच माहिती आज सांगतो.

पहिला प्रश्न, लॅपटॉपच का नको? तर सुट्या भागांच्या कॉम्प्युटरमध्ये एखादा भाग गेला तर तेवढाच बदलता येतो. पुढे पैसे आले की एखादा भाग वाढवताही येतो. कर्जाच्या वस्तूला हा गुण मोठा.

आता डबा. दुकानदार त्याला कॅबिनेट म्हणतात. मोठा कॉम्प्युटर घ्यायचा तर कॅबिनेट शेवटी निवडलं तरी चालतं. लहान घ्यायचा तर आधी माप, मग कापड. आत जो मुख्य बोर्ड बसतो, त्या मदरबोर्डची मापं ठरलेली आहेत. नेहमीचा मोठा साडेतीस बाय साडेचोवीस सेंटिमीटरचा. मधला, मायक्रो-एटीएक्स नावाचा, जास्तीत जास्त साडेचोवीस सेंटिमीटर चौरस. सर्वांत लहान मिनी-आयटीएक्स, १७ सेंटिमीटर चौरस, म्हणजे आपल्या मोठ्या भाकरीपेक्षाही लहान. आम्हाला वाटलं, लहान तो स्वस्त. तसं नाही. लहान बोर्ड, त्याचं कॅबिनेट आणि त्यात बसणारा छोटा वीजपुरवठा, तिन्ही महाग पडतात, शिवाय जिल्ह्याच्या दुकानात चटकन मिळत नाहीत. कार्डासाठी खाचही त्यात एकच आणि रॅमच्या खाचा बहुधा दोनच. आमचं मत मधल्या मापाच्या बाजूने पडलं. तो डबा मांडीवर घेऊन एसटीत बसता येतं.

डब्याचा आकार लिटरमध्ये मोजतात, हे ऐकून आम्हाला गंमत वाटली. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, गुणा आणि हजाराने भागा. ३५ बाय १८ बाय २९ चा डबा म्हणजे सव्वाअठरा लिटर, आपल्या पाण्याच्या २० लिटरच्या जारपेक्षा जरासा कमी. पण नुसते लिटर बघून भागत नाही. ग्राफिक्स कार्ड किती लांब बसेल आणि प्रोसेसरवरचा पंखा किती उंच बसेल, हे दोन आकडे कॅबिनेटच्या माहितीत मिलिमीटरमध्ये लिहिलेले असतात. घेणाऱ्या कार्डाची लांबी त्याच्याशी ताडून बघायची. नाहीतर ब्लाउज शिवून झाला आणि हातच जात नाही, अशी गत.

चित्र किती सफाईने हलणार, हे ग्राफिक्सवर ठरतं. यात दोन वाटा आहेत. काही प्रोसेसरच्या पोटातच ग्राफिक्स असतं, उदाहरणार्थ रायझन ५ ५६००जी. हलके गेम त्यावर चालतात, नवे भारी गेम रडतात. या वाटेने गेलात तर १६ जीबी रॅमची एक पट्टी न घेता ८-८ च्या दोन घ्या. वेगात चांगलाच फरक पडतो. दुसरी वाट वेगळ्या कार्डाची. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं कार्ड सुमारे ७० वॅट खातं आणि बहुतेक मॉडेलांना वेगळी वीजतारही लागत नाही. लहान डब्याला हे सोयीचं. आरटीएक्स ४०६० जास्त ताकदीचं, पण ११५ वॅटचं. लेकीने पहिली वाट धरली. कार्डाची जागा मोकळी ठेवायची, ते पुढच्या वर्षी.

काटकसर कुठे करायची नाही, तर एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीजपुरवठ्याच्या पेटीत. स्वस्त कॅबिनेटसोबत अशी पेटी जवळजवळ फुकट येते. ती दुकानातच ठेवा. नावाजलेल्या कंपनीची, ८० प्लस खूण असलेली ४५० वॅटची पेटी या कॉम्प्युटरला पुढे ते ७० वॅटचं कार्ड बसवलं तरी पुरते. विजेच्या बिलाचं म्हणाल, तर कार्डासकट २०० वॅट धरून रोज तीन तास चालवलं की महिन्याला १८ युनिट होतात.

लहान डब्यात गरम हवा कोंडते. समोर चकचकीत काच आणि रंगीत दिवे असलेला डबा पोरांना भुरळ घालतो, पण हवा आत शिरणार कुठून? जाळीचा घ्या, धुळीची जाळी काढून धुता येईल असा. चुलीच्या खोलीत ठेवू नका. तेलकट धुरावर धूळ बसली की तिचा थर होतो आणि तो फुंकून निघत नाही.

आता अर्थिंग, आणि इथे जरा थांबून ऐका. कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावला की मुंग्या येतात, असं कितीतरी घरांत म्हणतात. कारण असं, की वीजपुरवठ्याच्या पेटीत वीज गाळणारे छोटे भाग असतात आणि ते किंचितसा प्रवाह डब्याकडे सोडतात. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो. नसेल तर डब्यावर जवळपास निम्मा दाब उभा राहतो. प्रवाह अगदी थोडा, म्हणून नुसत्या मुंग्या. पण आतली तार उघडी पडून डब्याला टेकली, तर त्याच डब्यात पूर्ण वीज उतरते, आणि तेव्हा जीव जातो. तिसरी पिन तोडून प्लग बसवणं म्हणजे ही वाट आपल्या हाताने बंद करणं. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, जमल्यास ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. तो फ्रिजलाही उपयोगी आणि ओल्या हातांनी मोटर चालू करणाऱ्या आपल्यालाही.

दिवे जाण्यासाठी ६०० व्हीएचा साधा यूपीएस काम जतन करून बंद करण्यापुरता पुरतो. बिल पक्कं घ्या, प्रत्येक भागाचा अनुक्रमांक त्यावर असू द्या. वॉरंटी भागाभागाची वेगळी असते. खोके वर्षभर टाकू नका.

फेरफार करून कोटेशन ५१ हजारांवर आलं. गटाने ३० हजार मंजूर केले, बाकीचे ताई घालणार. १० हजार हातात दिले आहेत. घरी आणि खोलीवर, दोन्हीकडे वायरमनने अर्थिंग तपासून चिठ्ठी दिल्यावर उरलेले २० हजार उचलायचे, असं वहीत लिहून सगळ्यांनी सह्या केल्या आहेत.