बालकांची श्वासनलिका आणि क्ष-किरणांची साक्ष
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवात आरोग्यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली. मी वैद्य नव्हे, कापडाचा व्यापारी. वाचून व जाणकारांकडून समजून घेतले, तेवढेच आपणापुढे ठेवतो.

आपल्या भागात शेंगदाणा घरोघरी असतो. लहान मूल तो तोंडात घालते आणि हसता-रडताना दाणा श्वासमार्गात ओढला जातो. जोराचा ठसका लागतो, मूल कासावीस होते. थोड्या वेळाने ठसका थांबतो व घरची माणसे निश्चिंत होतात. फसगत येथेच होते. दाणा फुप्फुसाच्या नळीत अडकून बसलेला असतो. पुढे खोकला, छातीत घरघर, न्यूमोनिया असे त्रास सुरू होतात आणि दमा समजून औषधे चालू राहतात.

1895 साली राँटजेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. त्या किरणांत गिळलेले नाणे स्पष्ट उमटते, शेंगदाणा मात्र उमटत नाही. म्हणून डॉक्टर श्वास घेतानाचे एक व सोडतानाचे एक, अशी दोन छायाचित्रे काढतात. श्वास घेताना नळी रुंदावते व दाण्याच्या कडेने हवा आत जाते. सोडताना नळी आकसते व हवा कोंडते. निरोगी फुप्फुस रिते होते, बाधित फुप्फुस फुगलेलेच राहते. तान्ह्या मुलाला 'श्वास सोड' म्हणून कळत नाही. त्याला कुशीवर निजवून चित्र घेतात किंवा पडद्यावर श्वसन चालू असतानाच पाहतात. कापडाची वीण घडीत कळत नाही, ताणून उजेडात धरावी लागते. तसेच हे आहे.

काही बालकांची श्वासनलिका जन्मतःच मऊ असते व श्वास सोडताना मिटू लागते. नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर संथ प्रवाहाला होणारा विरोध 16 पट वाढतो. अमेरिकेतील सिनसिनाटी येथील बालरुग्णालयात संशोधकांनी नवजात बालकांना गुंगीचे औषध न देता एमआरआय काढले आणि श्वासाच्या दोन्ही टोकांना नलिका किती आकसते, हे मोजले. एमआरआयमध्ये क्ष-किरण वापरले जात नाहीत, हा त्याचा मोठा लाभ.

तथापि यंत्राइतकीच पालकांची साक्षही मोलाची आहे. 'खाताना एकाएकी ठसका लागला होता' हे वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगावे. एक्स-रे निर्दोष आला तरी शंका उरल्यास दुर्बिणीने तपासणी करावी लागते. अडकलेला दाणाही तिनेच काढतात. मैंदर्गीहून अक्कलकोटमार्गे सोलापूर गाठण्यात वेळ जातो, म्हणून घरी वाट पाहू नये. गुदमरलेल्या मुलाच्या तोंडात अंदाजाने बोट घालू नये. दाणा आणखी आत जातो. तत्काळ 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आणि सर्वांत सोपा उपाय आपल्या स्वयंपाकघरातच आहे. पाच वर्षांखालील मुलाच्या हाती अख्खा शेंगदाणा देऊ नये, त्याचे कूट करून द्यावे. एवढी दक्षता प्रत्येक घराने घेतली, तर माझे बोलणे सार्थकी लागले असे मी मानीन.