पाण्याचे तीन गुण



आज आपण पाण्याविषयी बोलू. पाणी प्यावे, अंग धुवावे, हे सांगायला आम्ही आलो नाही. ते तुम्ही रोज करताच. पण दुखण्यातही पाण्याचा उपचार करतात. तो कुठे लागू पडतो? कुठे पडत नाही? हे कळले तर वेळेला माणूस वाचतो. म्हणून दोन शब्द सांगतो.

१९०२ सालची गोष्ट. महात्मा गांधी तेव्हा मुंबईत राहत होते. त्यांचा मुलगा मणिलाल सुमारे दहा वर्षांचा होता. त्याला विषमज्वर झाला. ताप १०४ पर्यंत चढला. गांधीजींनी जर्मनीच्या लुई कूने यांचे पाण्याच्या उपचारावरचे लिखाण वाचलेले होते. त्यांनी मुलाला पाण्याच्या टबात बसवले. मग ओली चादर पिळून अंगाला गुंडाळली, वर कांबळी घातली. मुलाला घाम फुटला. ताप उतरू लागला. पुढे मुलगा बरा झाला.

पण पुढची गोष्ट ध्यानात घ्या. गांधीजींनी आपल्या आत्मकथेत पाण्याची बढाई मारली नाही. देवाच्या कृपेने गुण आला, पाण्याने आला, की पथ्याने आणि सेवेने आला, हे कोण सांगणार, असेच त्यांनी म्हटले. पुढे १९४६ साली त्यांनी पुणे जिल्ह्यात उरुळी कांचन येथे गरिबांसाठी निसर्गोपचाराचे काम सुरू केले. तो आश्रम आजही चालू आहे.

तर पाणी अंगाला करते तरी काय? पाण्याचे तीन गुण आहेत.

पहिला गुण. पाणी उष्णता ओढून नेते. माठातले पाणी गार का होते? माठ पाझरतो. ते पाणी वाळताना माठाची उष्णता घेऊन जाते. माणसाच्या अंगाचेही तसेच आहे. घाम वाळतो आणि अंग निवते.

उन्हाळ्यात रानात काम करताना माणसाला ऊन लागते. अंग तापते. तो असंबद्ध बोलतो, कोसळतो. अशा वेळी घटकाभर वाट पाहू नका. त्याला सावलीत न्या. कपडे सैल करा. अंगावर गार पाणी ओता आणि वारा घाला. मान, काखा, जांघा यांवर ओली फडकी ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाते. एकाने १०८ क्रमांकाला फोन करून गाडी बोलवावी. गाडी येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नका.

भाजले तरीही हाच गुण कामी येतो. भाजलेला भाग साध्या गार वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरा. बांगड्या, अंगठी लगेच काढा. बर्फ लावू नका. शाई, तूप, दातांची पेस्ट काही लावू नका. जखम मोठी असेल, किंवा चेहरा भाजला असेल, तर दवाखाना गाठा.

तापात मात्र बर्फाचे पाणी अंगावर ओतू नये. अंगाला हुडहुडी भरते, आणि हुडहुडीने ताप आणखी वाढतो. कोमट पाण्याच्या फडक्याने अंग पुसावे. त्याने आराम वाटतो. पण विषमज्वराचे किंवा हिवतापाचे जंतू पाण्याने मरत नाहीत. त्याला रक्त तपासून औषधच घ्यावे लागते. मणिलालच्या वेळी विषमज्वरावर नेमके औषध नव्हते. आज आहे.

दुसरा गुण. पाणी उष्णता आणून देते. ऊन पाण्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंद होतात. रक्त तिकडे धावते. आखडलेले स्नायू सैल पडतात. म्हणून दिवसभर नांगर धरल्यावर ऊन पाण्याची आंघोळ बरी वाटते. थंड पाण्याने याच्या उलट होते. रक्तवाहिन्या आकसतात, सूज आणि ठणका कमी होतो. म्हणून पाय मुरगळला की आधी गार फडके, शेक नंतर.

वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हवरे इथल्या ऊन पाण्याच्या कुंडांत पुष्कळ लोक आंघोळीला जातात. सांधे मोकळे होतात, हे खरे. पण अंगावर फिकट चट्टा आहे आणि तिथे स्पर्श कळत नाही, असे असेल तर कुंडावर भरवसा ठेवू नका. तो महारोग असू शकतो. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि रोग बरा होतो. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील, तर ऊन पाण्यात पाय घालण्याआधी घरच्या माणसाला कोपराने पाणी पाहायला सांगा. चटका बसला तरी तुम्हांला कळणार नाही.

तिसरा गुण. पाणी भार उचलते. विहिरीतून पोहरा ओढताना पाहा. पाण्यात असतो तोवर हलका. पाण्याबाहेर आला की हात ओढला जातो. माणसाचेही तसेच. गळ्याइतक्या पाण्यात उभे राहिले, तर पायांवर वजनाचा सुमारे दहावा भागच पडतो. ज्याचे गुडघे जमिनीवर वाकत नाहीत, तो पाण्यात ते वाकवू शकतो. अर्धांगवायूने ज्याचे अंग लुळे पडले, त्यालाही पाण्यात हातपाय हलवायला सोपे जाते. मात्र हा व्यायाम शिकवणारा माणूस जवळ हवा. एकट्याने विहिरीत किंवा नदीत उतरू नये. छातीइतके पाणी अंगाला दाबते, पायांतले रक्त वर हृदयाकडे ढकलते. म्हणून हृदयाचा विकार असणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय खोल पाण्यात उतरू नये.

पाणी उष्णता नेते, उष्णता देते, भार उचलते. एवढे त्याचे काम. ते काम पाणी चोख करते, आणि पैसाही मागत नाही. पण कुणी म्हणाले, पाण्याने सारे रोग जातात, तर त्याला विचारा: या तीनपैकी कोणत्या गुणाने जातात, ते सांगा पाहू. त्याला सांगता आले नाही, तर रोग्याला घेऊन दवाखान्याची वाट धरा.

घरी गेल्यावर हे तीन गुण पाटीवर लिहून काढा आणि घरच्यांना वाचून दाखवा. उन्हाळा दूर नाही.

रामराम.